आधी कागद, मग छप्पर: अमेरिकेत गरजू घरमालकांच्या घरदुरुस्तीसाठी सरकारी निधी कसा मिळवायचा

माळ्यावर एक निळी बादली होती आणि तिच्या शेजारी एक जुनं पातेलं. पाऊस लागला की ८१ वर्षांच्या आजी छतातली ओढायची शिडी खाली घ्यायच्या, वर चढायच्या आणि बादली रिकामी करून खाली यायच्या. रात्री पाऊस आला तर रात्री. घर त्यांच्या नावावर होतं, कर्ज कधीच फिटलं होतं, पण मिळकत म्हणजे सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, तेवढे पैसे. नव्या छपराचं कोटेशन आलं १४ हजार डॉलरचं. "विकून टाका" असं सांगणारे त्यांना पुष्कळ भेटले होते. त्या पैशात भाड्याच्या घरात किती वर्षं निघाली असती, ते कुणी सांगत नव्हतं.

ते छप्पर शेवटी सरकारी पैशातून झालं, एका छोट्या स्वयंसेवी संस्थेच्या मार्फत. पेनसिल्व्हेनियात मी त्या संस्थेचं काम गेली काही वर्षं करतो आहे. आपल्या मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत उभं असताना, कुणी ना कुणी हमखास विचारतं, "आम्हालाही आमच्या गावात असं काही करायचंय. सरकारी मदत मिळते म्हणतात. सुरुवात कुठून करायची?" हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती न समजल्यामुळे मनापासून काम करणारी माणसं अडचणीत आलेली मी पाहिली आहेत. हा पैसा आधी हातात येत नाही. आधी कागद, मग काम, मग पैसे. हा क्रम चुकला तर काम कितीही चांगलं झालेलं असो, खर्च संस्थेच्या अंगावर पडतो.

पैसा कुठून येतो

सगळ्यात मोठा झरा म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट. सगळे त्याला सीडीबीजी म्हणतात. १९७४च्या कायद्याने तो सुरू झाला आणि केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं, म्हणजे 'हड', तो वाटतं. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम वर्षाला साधारण ३.३ अब्ज डॉलर राहिली आहे. ५० हजारांवर वस्तीची महानगर भागातली शहरं आणि २ लाखांवर वस्तीच्या मोठ्या काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) यांना तो थेट मिळतो, लहान गावांना राज्य सरकारमार्फत. यातला किमान ७० टक्के पैसा अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडलाच पाहिजे, असं कायदा सांगतो. पण याच पैशातून रस्ते, गटारं, उद्यानंही होतात. म्हणजे घरदुरुस्तीला तिथे आपली जागा मागून घ्यावी लागते. ती मागायची कशी, ते पुढे सांगतो.

'होम' नावाचा दुसरा निधी १९९०पासून आहे. त्यातून दुरुस्ती करायची तर अख्खं घर नियमाप्रमाणे ठाकठीक करून द्यावं लागतं. नुसतं गळकं छप्पर किंवा मोडका जिना दुरुस्त करून निघता येत नाही. नवख्या संस्थेने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रामीण भाग असेल तर शेती खात्याकडे जायचं. त्यांची ५०४ क्रमांकाची योजना थेट घरमालकासाठी आहे: ४० हजार डॉलरपर्यंत कर्ज, व्याज फक्त १ टक्का, फेड २० वर्षांत. वय ६२ किंवा जास्त असेल आणि कर्ज फेडण्याची ऐपत नसेल तर आयुष्यभरात मिळून १० हजारांपर्यंत अनुदान. अनुदान घेतल्यावर ३ वर्षांच्या आत घर विकलं तर ते परत करावं लागतं. ही योजना संस्थेच्या हातात पैसे देत नाही, पण आजी-आजोबांच्या शेजारी बसून अर्ज भरून देणं हीच केवढी तरी मदत असते. कित्येकांना ही योजना आहे हेच माहीत नसतं. त्याच खात्याचं ५३३ क्रमांकाचं अनुदान मात्र संस्थांसाठी आहे आणि ते २० हजारांपर्यंत वस्तीच्या ग्रामीण भागात चालतं.

ऊर्जा खात्याची वेदरायझेशन योजना १९७६ची. भिंतीत आणि माळ्यावर इन्सुलेशन भरणं, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवणं, घर गरम ठेवणारी जुनी फर्नेस बदलणं ही कामं त्यात होतात. पण छप्पर गळत असेल, वीजजोडणी धोकादायक असेल किंवा घरात बुरशी असेल, तर ते लोक काम पुढे ढकलतात. त्यात त्यांची चूक नाही, ओल्या माळ्यावर इन्सुलेशन घालून उपयोग काय? पण छप्पर दुरुस्त करायला पैसे नाहीत आणि छप्पर नाही म्हणून बाकीची मदतही नाही, अशा कात्रीत माणूस सापडतो. आपल्यासारख्या छोट्या संस्थेची खरी गरज याच ठिकाणी आहे.

पेनसिल्व्हेनियाने हे ओळखून २०२२मध्ये होल-होम रिपेअर्स नावाची योजना आणली. कोविडकाळात केंद्राकडून आलेल्या पैशातून तिला १२.५ कोटी डॉलर दिले आणि एका घराला ५० हजारांपर्यंत मदत ठेवली. राज्याच्या विधिमंडळातले सिनेटर निखिल सवाल यांनी ती पुढे रेटली होती. काउंट्यांनी अर्ज उघडले आणि अनेक ठिकाणी बघता बघता प्रतीक्षायाद्या लागल्या. तुमच्या राज्यात अशी काही योजना आहे का, ते काउंटीच्या गृहनिर्माण कचेरीत विचारा.

पहिली पायरी: लगेच नवी संस्था काढू नका

हा सल्ला अनेकांना आवडत नाही. आपल्याकडे चार उत्साही माणसं जमली की पहिल्याच बैठकीत संस्थेचं नाव आणि अध्यक्ष ठरतो. पण सरकारी पैसा देणारा अधिकारी विचारतो, "याआधी किती घरं केलीत? हिशेब कोण ठेवतं? मागच्या वर्षांची ताळेबंदाची कागदपत्रं दाखवा." कोऱ्या पाटीवर हा पैसा मिळत नाही.

तुमच्या भागात हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी किंवा रिबिल्डिंग टुगेदर या घरांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांची शाखा आहे का, ते आधी पाहा. घरं बांधण्यासाठी प्रसिद्ध असलेली हॅबिटॅटही कित्येक ठिकाणी दुरुस्तीची कामं करते. तिथे एक-दोन वर्षं काम करा. हातोडा धरायला शिका, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कचेरीत बसून एका घराची फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः लावा. त्या एका फाइलीत जे कळेल ते कुठल्याही प्रशिक्षणात कळणार नाही.

भागात अशी संस्था नसेलच, तर मग स्वतःची ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्थेची, नोंदणी करा. बरीच महाराष्ट्र मंडळं अशी नोंदलेली असतात, पण त्यांच्या घटनेत उद्देश सांस्कृतिक कामाचा लिहिलेला असतो. त्या छत्राखाली घरदुरुस्ती करायची तर उद्देश, विमा आणि हिशेब या तिन्ही गोष्टी आधी वकिलाकडून आणि अकाउंटंटकडून तपासून घ्या. सॅम डॉट गव्ह या केंद्राच्या संकेतस्थळावरून १२ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांकही घ्यावा लागतो. तो फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या कंपन्यांचे ईमेल येतात, त्यांना उत्तर देऊ नका.

दुसरी पायरी: शहराच्या आराखड्यात घरदुरुस्ती हा शब्द यायला हवा

सीडीबीजी घेणारं प्रत्येक शहर ३ ते ५ वर्षांचा मोठा आराखडा आणि दर वर्षाची कृती योजना बनवतं. मसुदा किमान ३० दिवस लोकांच्या हरकती-सूचनांसाठी ठेवावा लागतो आणि वर्षात किमान दोन जनसुनावण्या घ्याव्या लागतात. अशा सुनावणीला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खुर्च्या चाळीस होत्या आणि माणसं सहा, त्यातले चार कर्मचारी. त्या दिवशी कुणी तीन मिनिटं बोललं तरी ते नोंदीत जातं आणि आलेल्या सूचनांचा सारांश पुढे 'हड'ला पाठवावा लागतो.

तेव्हा बोला. सोबत एखाद्या घरमालकाला न्या. "आमच्या भागात गरज फार आहे" असं मोघम बोलू नका. गेल्या वर्षात छपरासाठी किती फोन आले, त्यातल्या किती जणांना परत पाठवावं लागलं, आणि एका घराला सरासरी किती खर्च येतो, एवढे तीनच आकडे सांगा. ते आकडे तुमच्या स्वतःच्या वहीतले हवेत. म्हणून निधी नसतानाही येणाऱ्या प्रत्येक फोनची नोंद ठेवा: तारीख, गाव, काय मोडलंय.

शहराचं निधीवर्ष १ जुलैला सुरू होत असेल तर संस्थांकडून अर्ज साधारणपणे आदल्या हिवाळ्यात मागवले जातात. म्हणजे उन्हाळ्यात जागे झालात तर वर्ष गेलं. कचेरीतल्या सीडीबीजी बघणाऱ्या माणसाला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भेटा, नाव आणि चेहरा ओळखीचा होऊ द्या.

तिसरी पायरी: घराची फाइल

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक कामं इथेच अडकतात.

आधी उत्पन्न. सीडीबीजीसाठी कुटुंबाचं उत्पन्न त्या भागाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या आकड्याच्या) ८० टक्क्यांच्या आत हवं. किती माणसांच्या कुटुंबाला किती मर्यादा, याचा तक्ता 'हड' दरवर्षी काढतं. मोजायचं ते घरात राहणाऱ्या सगळ्यांचं. आजी म्हणतात, "मी एकटीच," आणि वरच्या खोलीत नोकरी करणारा नातू राहत असतो. त्याचाही पगार धरावा लागतो. हे पहिल्याच भेटीत प्रेमाने विचारा. शेवटी कळलं तर त्यांनाही वाईट वाटतं आणि तुमचे दोन महिने वाया जातात.

मग मालकी. शेजारच्या गावातल्या एका मराठी काकूंची गोष्ट सांगतो. काका गेल्याला सहा वर्षं झाली होती. बेसमेंटमध्ये पाणी येत होतं, जिन्याचा कठडा हलत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी बुटांच्या खोक्यातून कागद काढून मांडले: मालमत्ता कराच्या पावत्या, विम्याची पत्रं, काकांचा मृत्यूचा दाखला, सगळं रबर लावून वर्षवार. डीड, म्हणजे घराचं मालकीपत्र, उघडली तर नाव एकट्या काकांचं.

"काकू, घर तुमच्या नावावर झालेलं नाही अजून."

"असं कसं? मी तीस वर्षं राहतेय इथे. कर मीच भरते की दरवर्षी."

कर भरला म्हणून मालकी होत नाही, हे त्यांना समजावून सांगताना मला गावाकडची आठवण झाली. तिथेही आजोबा जाऊन दोन पिढ्या लोटतात आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं लागलेली नसतात. इथे फिलाडेल्फियात अशा घरांना 'टँगल्ड टायटल' म्हणतात, गुंतलेली मालकी. प्यू या संस्थेने २०२१मध्ये केलेल्या पाहणीत एकट्या फिलाडेल्फियात अशी १० हजारांहून जास्त घरं निघाली. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वारसाहक्काच्या जमिनी आणि घरं याच कारणाने मदतीबाहेर राहत आली आहेत. काकूंच्या बाबतीत काउंटीच्या कचेरीत वारसाचं काम करून नवी डीड नोंदवावी लागली. मोफत कायदेशीर मदत केंद्रातल्या वकीलबाईंनी ते केलं, पाच महिने लागले. म्हणून सांगतो, ज्या दिवशी दुरुस्तीचा अर्ज येईल त्याच दिवशी काउंटीच्या नोंदणी कचेरीच्या संकेतस्थळावर डीड बघा. आणि काम सुरू करण्याआधी तुमच्या भागातल्या मोफत कायदेशीर मदत केंद्राशी ओळख करून ठेवा.

मालमत्ता कर थकलेला असला तरी काही ठिकाणी अर्ज अडतो. बहुतेकदा हप्ते बांधून घेता येतात, तो करार फाइलीत लावा.

आणखी एक गोष्ट घरमालकाला पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगितलीच पाहिजे: बोजा. अनेक शहरं मोठ्या दुरुस्तीचे पैसे निव्वळ अनुदान म्हणून न देता बिनव्याजी कर्ज म्हणून देतात. ठरलेली वर्षं मालक त्या घरात राहिला की ते माफ होतं, पण तोवर घरावर बोजा नोंदलेला असतो. म्हाताऱ्या माणसांना 'कर्ज' शब्द ऐकूनच धडकी भरते आणि ती मागे फिरतात. कितीजण तरी फसवणुकीला बळी पडलेले असतात, त्यामुळे त्यांचा संशय रास्त आहे. कागद घरी ठेवून या. मुलाला, पुतणीला, चर्चमधल्या ओळखीच्या माणसाला दाखवू द्या. त्याच भेटीत सही घेण्याची घाई कधीही करू नका.

चौथी पायरी: परवानगी येईपर्यंत हात लावायचा नाही

'हड'च्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक कामाआधी पर्यावरण तपासणी लागते. एका छपरासाठी पर्यावरण कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण त्यात घर पूररेषेत आहे का, ऐतिहासिक मोलाचं आहे का, अशा गोष्टी बघतात. पूररेषेत असेल तर पुराचा विमा लागतो. काही शहरं संपूर्ण कार्यक्रमाची तपासणी एकदाच करून ठेवतात आणि मग प्रत्येक पत्त्यासाठी छोटी यादी भरायची असते. तुमच्या शहराने ही दोन टप्प्यांची पद्धत लावली आहे का, ते विचारा. प्रत्येक घराचे काही आठवडे वाचतात.

तपासणी पूर्ण होऊन लेखी मंजुरी येईपर्यंत कॉन्ट्रॅक्टरशी करार करायचा नाही आणि काम सुरू करायचं नाही, स्वतःच्या पैशानेसुद्धा नाही. आमच्याकडे एकदा नोव्हेंबरात एका घराचं छप्पर फारच वाईट झालं होतं. बर्फाचा अंदाज होता. "मंजुरी येईलच पुढच्या आठवड्यात" असं धरून मी कॉन्ट्रॅक्टरला हो म्हटलं. मंजुरी आली, पण काम सुरू झाल्याची तारीख तिच्या चार दिवस आधीची होती. त्या घराचा एक डॉलरही परत मिळाला नाही. ११ हजार डॉलर देणग्यांतून भरावे लागले आणि त्या पैशात ज्या दोन घरांचे रॅम्प व्हायचे होते ते पुढच्या वर्षावर गेले. त्यातल्या एका घरातले आजोबा त्या हिवाळ्यात डॉक्टरकडे जायलासुद्धा दोघांनी उचलल्याशिवाय बाहेर पडू शकत नव्हते. आता अशी वेळ आली तर आम्ही जाड ताडपत्री नीट फळ्या मारून बसवतो, तीही अधिकाऱ्याला विचारून, आणि थांबतो.

१९७८च्या आधीचं घर असेल तर शिशाच्या रंगाचा नियम येतो. त्या वर्षी घरगुती रंगात शिसं वापरायला बंदी आली. दुरुस्तीच्या कामात सरकारी मदत घरामागे ५ हजार डॉलरपर्यंत असेल तर खरवडल्या जाणाऱ्या रंगाची चाचणी आणि सुरक्षित पद्धतीने काम एवढं पुरतं. ५ ते २५ हजारांत शिशाच्या धोक्याची पूर्ण तपासणी करून ते धोके आटोक्यात आणावे लागतात. २५ हजारांवर गेलं की ते कायमचे काढून टाकावे लागतात आणि तो खर्च छोट्या संस्थेला झेपत नाही. म्हणून कामाची व्याप्ती ठरवतानाच हे आकडे समोर ठेवा. नातवंडं रांगणारी असतील तर मात्र पैशाचा विचार बाजूला ठेवून खिडक्यांच्या चौकटींचा रंग तपासून घ्या. खिडकी वर-खाली करताना झडणारी धूळच मुलांच्या पोटात जाते.

पाचवी पायरी: कॉन्ट्रॅक्टर आणि करार

निदान तीन लेखी कोटेशनं घ्या आणि तिघांनाही एकच कामाची यादी द्या. पेनसिल्व्हेनियात घरदुरुस्ती करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे नोंदणी लागते. तो क्रमांक आणि विम्याचा दाखला फाइलीत हवा. जुन्या रंगाचं काम करणाऱ्या कंपनीकडे शिशाबद्दलचं केंद्राचं प्रमाणपत्रही हवं.

छपराच्या करारात एक ओळ विसरू नका: खालची कुजलेली प्लायवूड बदलायची झाल्यास एका शीटला किती पैसे. जुने शिंगल्स उचकटल्याशिवाय खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. आजींच्या घरी चिमणीच्या कडेची सहा शीट्स हाताने चुरा होतील इतकी कुजलेली निघाली. दर आधी ठरलेला होता, म्हणून फोटो काढला, बदलाच्या कागदावर सही झाली आणि काम थांबलं नाही. दर ठरलेला नसता तर घर उघडं असताना घासाघीस करत बसावं लागलं असतं. अंदाजपत्रकात १० टक्के अशा खर्चासाठी वेगळे ठेवा.

सहावी पायरी: पैसे परत मिळेपर्यंत तग धरणं

समजा, एका महिन्यात १४ हजारांची तीन छपरं झाली. कॉन्ट्रॅक्टरला ४२ हजार द्यायचे आहेत आणि शहराकडून परतफेड यायला सहा-आठ आठवडे लागणार आहेत. एवढे दिवस पैसे कुठून आणणार, याचं उत्तर पहिल्या करारावर सही करण्याआधी हवं. स्थानिक बँकेकडून कर्जमर्यादा मंजूर करून घ्या किंवा एखाद्या देणगीदाराला फक्त याच फिरत्या रकमेसाठी विचारा. आपल्या लोकांना हे चांगलं समजतं. "तुमचे २५ हजार खर्च होणार नाहीत, वर्षभर फिरत राहतील आणि त्यावर सहा-सात घरं होतील," असं सांगितल्यावर आम्हाला नकार देणारे फार थोडे निघाले.

परतफेडीच्या प्रत्येक मागणीला बिल, पैसे दिल्याचा पुरावा, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरची सही आणि कॉन्ट्रॅक्टरने सगळे पैसे मिळाल्याचं लिहून दिलेलं पत्र लागतं. शेवटचं पत्र नसेल तर काही राज्यांत उद्या शिंगल्सचा दुकानदार घरमालकाच्या घरावर बोजा चढवू शकतो. पत्र हातात आल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. वर्षभरात संस्थेने खर्च केलेला केंद्राचा पैसा १० लाख डॉलरवर गेला तर वेगळं खास ऑडिट लागतं, तोवर नेहमीचा हिशेब चोख ठेवा म्हणजे झालं.

काम झाल्यावर

फाइल बंद झाली तरी पहिल्या मोठ्या पावसानंतर फोन करा. आणि घर आधी वेदरायझेशनवाल्यांनी पुढे ढकललेलं असेल, तर छप्पर झाल्याचा इन्स्पेक्टरचा कागद घेऊन त्यांच्याकडे पुन्हा अर्ज करा. ते आपणहून विचारायला येत नाहीत. आजींचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात दिला. चार महिन्यांनी माळ्यावर इन्सुलेशन भरायला माणसं आली तेव्हा ती बादली अजून तिथेच होती. आजींनी ती खाली आणून धुतली आणि अंगणातल्या टोमॅटोंना पाणी घालायला ठेवली.